एगलेस केकमधलं अंडं शोधताना: फ्लुओरेसन्स प्लेट चाचणीच्या कामाच्या नोंदी

काम: बेकरीच्या पदार्थात अंड्याचं ओव्हल्ब्युमिन (पांढऱ्यातलं मुख्य प्रोटीन) किती आहे ते ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटवर फ्लुओरेसन्सने, म्हणजे उजेड पाडल्यावर येणाऱ्या चमकेने, मोजायचं. पद्धत सँडविच. प्लेटला एक अँटीबॉडी (ठरावीक रेणूलाच धरणारं प्रोटीन) चिकटवायची, तिने नमुन्यातलं अँटिजेन (इथे ओव्हल्ब्युमिन) पकडायचं आणि त्यावर चमकणारी दुसरी अँटीबॉडी बसवायची. आपल्याकडे २०२०च्या लेबलिंग नियमांनुसार अंडं हा पाकिटावर जाहीर करावा लागणारा अ‍ॅलर्जीचा घटक आहे. शिवाय अंडं घातलेल्या मालाला हिरवी खूण लावता येत नाही. ज्याच्या मुलाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, तो ‘एगलेस’ या एका शब्दावर विसंबून केक घेतो. त्या शब्दामागे आकडा असायलाच हवा.

लक्ष्य म्हणून जपानचा उंबरठा धरला: १ ग्रॅम पदार्थात १० मायक्रोग्रॅम अंड्याचं प्रोटीन. पांढऱ्या बलकाच्या प्रोटीनपैकी साधारण ५४ टक्के ओव्हल्ब्युमिन असतं; सगळं प्रोटीन पांढऱ्याचंच धरलं तर सुमारे ५.४ मायक्रोग्रॅम. १ ग्रॅम नमुना २० मिलीत काढून तो पुढे २० पट पातळ केला की एकूण ४०० पट होतात. प्लेटमध्ये उरतात १३.५ नॅनोग्रॅम प्रति मिली. भाजताना काही हरवणारच, म्हणून २ नॅनोग्रॅमपर्यंत खात्रीने वाचता आलं पाहिजे.

१० जून

हाताशी: सशाची पॉलिक्लोनल, म्हणजे मिश्र, अँटीबॉडी (प्रोटीन-ए कॉलमवर शुद्ध केलेली, १२ मिलिग्रॅम), उंदराची एक मोनोक्लोनल, म्हणजे एकाच जातीची (३८,००० रुपये), एफआयटीसी (फ्लुओरेसिनचा चमकणारा रंग), फिल्टर बदलता येणारा प्लेट रीडर. सशाच्या अँटीबॉडीला एफआयटीसी स्वतःच लावायचं ठरवलं. तयार लेबल केलेली अँटीबॉडी मागवली तर सहा आठवडे थांबावं लागणार होतं.

१२ जून – लेबलिंग, पहिला प्रयत्न

२ मिलिग्रॅम अँटीबॉडी १ मिलीत, ०.१ मोलर कार्बोनेट बफर, पीएच ९.२. एफआयटीसी १ मिलिग्रॅम प्रति मिली, कोरड्या डीएमएसओमध्ये, तेव्हाच विरघळवलेलं. ५-५ मायक्रोलिटर करत एकूण ५० मायक्रोलिटर, हळूहळू हलवत. फॉइल गुंडाळून ४ अंशांवर ८ तास. मग अमोनियम क्लोराइड ५० मिलिमोलर होईल इतकं घालून २ तास. शेवटी मोकळा रंग वेगळा करणारा जी-२५ कॉलम.

कॉलमवर दोन पिवळे पट्टे दिसायला हवेत: पुढे धावणारा लेबल झालेल्या अँटीबॉडीचा, मागे रेंगाळणारा मोकळ्या एफआयटीसीचा. पुढचा जवळजवळ रंगहीनच होता.

उजेडाचं शोषण मोजलं: ४९५ नॅनोमीटरला (रंग) ०.०९, २८० ला (प्रोटीन) ०.७२. एफआयटीसी २८० लाही थोडं शोषतं, म्हणून ४९५च्या आकड्याचे ०.३५ पट वजा करायचे:

०.७२ − (०.३५ × ०.०९) = ०.६९
रंग-प्रोटीन गुणोत्तर = ३.०९ × ०.०९ ÷ ०.६९ = ०.४

दर अँटीबॉडीमागे रंगाचा अर्धा रेणूही नाही. हवेत ३ ते ६.

१३ जून

कारण बफरमध्ये होतं. प्रोटीन-ए कॉलमवरून अँटीबॉडी ग्लायसिनने उतरवली होती आणि ट्रिसने उदासीन केली होती. दोन्हींत अमाइन आहे आणि एफआयटीसी अमाइनलाच चिकटतं. अँटीबॉडीच्या लायसिनपर्यंत पोहोचायच्या आधीच रंग बफरमध्ये खर्च झाला. विकतच्या अँटीबॉडीतलं सोडियम अझाइडही असाच घात करतं. बाटलीत टिकवण्यासाठी बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) किंवा जिलेटिन घातलेलं असेल तर रंग बहुतेक त्यालाच लागतो. लेबल करायची अँटीबॉडी घेताना ‘वाहक प्रोटीनशिवाय’ असं लिहिलेली बाटलीच घ्या.

उरलेली अँटीबॉडी कार्बोनेट बफरविरुद्ध डायलिसिसला लावली, ५०० मिलीचे तीन बदल, रात्रभर.

१५ जून – दुसरा प्रयत्न

कसर भरून काढायला एफआयटीसी दुप्पट घातलं. ४९५ ला १.६२, २८० ला १.०८. गुणोत्तर ९.८. पट्टा सुंदर पिवळा, पण अँटीबॉडी वाया. इतके रेणू दाटीने बसले की एकमेकांची चमक दाबतात. शिवाय प्रत्येक रेणूगणिक लायसिनचा धन भार जातो आणि अँटीबॉडी कुठेही चिकटायला लागते. बाटली फेकली नाही. पुढे तुलनेला वापरली, तेव्हा रिकाम्या वेलचा आकडा जवळपास तिप्पट आला.

१८ जून – तिसरा प्रयत्न

पुन्हा ५० मायक्रोलिटर. ४९५ ला ०.७४, २८० ला ०.८३. गुणोत्तर ४.०. प्रोटीन ०.४१ मिलिग्रॅम प्रति मिली, ३.५ मिली, म्हणजे २ पैकी सुमारे १.४ मिलिग्रॅम हाती लागलं. ०.०२ टक्के अझाइड (आता चालतं), फॉइल, ४ अंश. गोठवायची नाही.

हिशेब: ६ मिलिग्रॅम अँटीबॉडी गेली, वापरण्याजोगी १.४ मिळाली.

२१ जून – पहिली प्लेट

काळी, जास्त पकड असलेली प्लेट. पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या वेलचा उजेड झिरपतो. पकडणारी मोनोक्लोनल २ मायक्रोग्रॅम प्रति मिली, कार्बोनेट ९.६, १०० मायक्रोलिटर, रात्रभर ४ अंशांवर. ब्लॉकिंगला, म्हणजे प्लेटच्या मोकळ्या जागा झाकायला, ३ टक्के स्किम मिल्क. मग ओव्हल्ब्युमिनचे प्रमाण-द्राव (माहीत असलेल्या प्रमाणाचे) १ तास, लेबल केलेली अँटीबॉडी १ तास अंधारात. मधल्या प्रत्येक टप्प्याला चार धुण्या.

शेवटची धुणी आरओ पाण्याची दिली आणि त्याच पाण्यात वाचलं. सगळं मंद. पाण्याचा पीएच ५.८ निघाला. फ्लुओरेसिन पीएच ६.४ च्या आसपास आपलं चमकणारं रूप सोडायला लागतं. आम्ही त्याला त्याच्याही खाली बसवलं होतं. पाणी झटकून पीएच ९ चा बोरेट बफर १०० मायक्रोलिटर घातला, तर तेच वेल अडीच पट उजळले. यापुढे वाचन बोरेटमध्येच.

२२ जून

बोरेटमध्ये वाचलेले आकडे: ८ ब्लँकची (ओव्हल्ब्युमिन न घातलेल्या वेलची) सरासरी १,८४०, विचलन १५०. ब्लँकपासून वेगळं ओळखायची मर्यादा, म्हणजे सरासरी अधिक तीन विचलनं, २,२९०. २५ नॅनोग्रॅमला २,१५० आणि ५० ला २,४८०.

२५ नॅनोग्रॅमसुद्धा ब्लँकपासून वेगळं काढता येत नाही, आणि हवेत २.

लेबल केलेली अँटीबॉडी वाढवायचा मोह झाला. वाढवली. संकेत वाढला, ब्लँकही तितकाच वाढला. दोन दिवस आणि दोन प्लेटी गेल्या.

२५ जून – ब्लँक सोलून पाहिला

हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एकेक थर चढवत प्लेट वाचली:

कोरडी प्लेट ३१०
बोरेट बफर ३३०
पकड + स्किम मिल्क १,१५०
पकड + बीएसए १ टक्का ४२०
पकड + बीएसए + लेबल केलेली अँटीबॉडी १,०१०

दुधात रायबोफ्लेविन असतं. ते निळ्या उजेडात ५२५ च्या आसपास चमकतं, म्हणजे नेमकं एफआयटीसीच्याच खिडकीत. दूध बंद, बीएसए सुरू. आणखी एक: काही तयार ब्लॉकिंग बफरमध्ये ओव्हल्ब्युमिन असतं. अंडं शोधायच्या चाचणीत तसली बाटली चुकून आली तर पूर्ण प्लेट अंड्यानेच माखते. घटक जाहीर न केलेला ब्लॉकर या कामात घेऊ नका.

बीएसएने ब्लँक १,०१० वर, विचलन ७० वर आलं. मर्यादा १,२२०. २५ नॅनोग्रॅमला १,२९०. आता ते दिसतं, पण जेमतेम.

२८ जून

खऱ्या नमुन्यांचा अंदाज घ्यायला अंडं नसलेली मसाला खारी, नानकटाई आणि पिवळा टोस्ट काढून प्लेटवर घातले, लेबल केलेली अँटीबॉडी न घालता. नानकटाई ४५०, टोस्ट ५१०, मसाला खारी १,४२०. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात नीट राहत नाही, प्लास्टिकला धरून बसतं आणि धुतलं तरी हिरवट-पिवळं चमकत राहतं.

एफआयटीसीची वाट इथे थांबवली. काचपट्टीवर पेशी पाहायच्या असतील तर एफआयटीसी उत्तम आहे. तिथे डोळा आकार ओळखतो. प्लेट रीडरला आकार कळत नाही, तो वेलमधला सगळा उजेड एकत्र मोजतो. युरोपियमचं लेबल घेतलं असतं तर या झटपट विझणाऱ्या चमका आपोआप गळल्या असत्या, कारण त्यात उजेड पाडून सुमारे ४०० मायक्रोसेकंद थांबून मग वाचतात. पण तसं वाचणारं यंत्र आमच्याकडे नाही.

पर्याय: अल्कलाइन फॉस्फटेज एन्झाइम आणि ४-मिथिलअंबेलिफेरिल फॉस्फेट, पुढे एमयूपी. एन्झाइम फॉस्फेट तोडतं आणि ३६० ला उजेड घेऊन ४५० ला निळं चमकणारं द्रव्य साठत जातं. एक एन्झाइम रेणू हजारो चमकते रेणू तयार करतो आणि निळी खिडकी हळद-दुधापासून दूर आहे.

२ जुलै – मांडणीचा विचार

सोपी वाट बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन या एकमेकांना घट्ट धरणाऱ्या जोडीची होती. ती या कामात नको. अंड्याच्या पांढऱ्यात ॲव्हिडिन असतं, त्याचा समविद्युत बिंदू १० च्या जवळ, म्हणजे नेहमीच्या पीएचला धन भार, आणि ते प्लेटला चिकटू शकतं. चिकटलेलं ॲव्हिडिन बायोटिन लावलेली अँटीबॉडी परस्पर पकडेल.

म्हणून: खाली उंदराची मोनोक्लोनल, वर सशाची साधी अँटीबॉडी, त्यावर एन्झाइम लावलेली शेळीची सशाविरुद्धची अँटीबॉडी. शेवटची खरेदी करताना ‘उंदराच्या आयजीजीवर शोषून घेतलेली’ हे पाहा, म्हणजे उंदराच्या अँटीबॉडीला धरणारा भाग आधीच काढलेला असतो. आम्ही आधी साधी घेतली. सशाची अँटीबॉडी न घालताही वेल पेटले, कारण ती खालच्या उंदराच्या अँटीबॉडीला धरत होती. शोषलेली मागवेपर्यंत ९ दिवस आणि १४,००० रुपये.

१४ जुलै

सगळं आलं. सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्याला तोडतं ते) ०.२ मिलिमोलर एमयूपी, १ मोलर डायइथॅनॉलअमाइन पीएच ९.८ मध्ये, ०.५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडसह. २५ अंश. दर ५ मिनिटांनी वाचन, ३० मिनिटांपर्यंत.

संकेत फिका. धुणी जुन्या सवयीने पीबीएसची (फॉस्फेट-सलाइनची) दिली होती. फॉस्फेट हे या एन्झाइमचंच उत्पादन, ते त्याला अडवतं. धुणी आणि पातळ करायचे सगळे बफर ट्रिस-सलाइनवर नेले (ट्रिस २५ मिलिमोलर, मीठ १५० मिलिमोलर, ट्वीन ०.०५ टक्के). संकेत दुपटीच्या वर गेला. ईडीटीएही कुठे नको, ते एन्झाइमचे जस्त आणि मॅग्नेशियम काढून नेतं.

१६ जुलै

प्रमाण-द्रावांचे तीन-तीन वेल. बहुतेक जुळतात, पण मध्येच ९००, ९४०, ४,६०० असं येतं. पिपेट तपासला, माणूस बदलला, प्लेटचा गठ्ठा बदलला. तरी तेच. चार दिवस.

२० जुलै

नोटा तपासायचा ३६५ नॅनोमीटरचा दिवा अंधारात प्लेटवर धरला. ज्या वेलचे आकडे उडत होते, त्यांत निळे चमकणारे बारीक तंतू. धुतल्यावर प्लेट ज्या टिश्यूवर उलटी आपटतो, त्याचे ते धागे. पांढऱ्या कागदात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत शुभ्रता वाढवायचं द्रव्य असतं. ते ३६० च्या आसपास उजेड घेतं आणि ४४० च्या आसपास देतं, म्हणजे आमच्याच खिडकीत. काचेच्या बाटल्या त्याच पावडरीने घासत होतो; दिव्याखाली त्यांच्या कडाही उजळल्या.

बदल: प्लेट साध्या फिल्टर पेपरवर आपटायची, बाटल्या प्रयोगशाळेच्या डिटर्जंटने, शेवटी पाच वेळा पाण्याने. धुतलेला पांढरा कोटही दिव्याखाली निळा दिसतो. बाही प्लेटवरून फिरवायची नाही. या कामाला बसण्याआधी हा दिवा घ्या. आमचा २५० रुपयांचा आहे आणि पूर्ण प्रकल्पात त्याच्याइतकी उपयोगी खरेदी दुसरी झाली नाही.

२२ जुलै

ब्लँक अजून वर. एन्झाइम न घालता फक्त सब्स्ट्रेट वाचला, तोच उजळ. आठवड्यापूर्वी पातळ करून ठेवलेला एमयूपी आपोआप तुटत होता. आता मूळ द्राव लहान कुप्यांत −२० ला आणि पातळ द्राव त्या तासापुरताच. पाण्याची टाकीही रिकामी करून धुतली. साचलेल्या पाण्यातले जंतू स्वतःचं फॉस्फटेज तयार करतात.

ब्लँक २६०, विचलन १२. मर्यादा २९६. ०.५ नॅनोग्रॅमला ३३०. चारशे पटींनी गुणलं तर १ ग्रॅम पदार्थात ०.२ मायक्रोग्रॅम ओव्हल्ब्युमिन.

२५ जुलै

सकाळी वीज गेली, इन्क्युबेटर बंद, सब्स्ट्रेटचा टप्पा २९ अंशांवर झाला. प्लेट रद्द. प्रमाण-द्राव त्याच प्लेटवर असले की तापमानाची चूक बरीचशी कटते, पण कडेचे वेल आधी तापतात. प्लेटी एकावर एक रचायच्या नाहीत.

२८ जुलै – केक

आतापर्यंत कच्च्या अंड्यावर खुश होतो. आज स्वतः भाजलेला केक: पिठात अंड्याची पावडर मोजून घातलेली, भाजल्यावर उडालेल्या पाण्याचं वजन धरून १ ग्रॅममागे १०० मायक्रोग्रॅम अंड्याचं प्रोटीन. ट्रिस-सलाइन आणि ट्वीनमध्ये काढलं. सापडलं ४ टक्के.

अंडं न घातलेल्या केकच्या चुऱ्यात नंतर तेवढंच अंडं मिसळून पाहिलं: ९२ टक्के. हा आकडा फसवा आहे. भाजल्यानंतर घातलेलं अंडं सहज निघतं. भाजलेलं अंडं उलगडून, गंधकाच्या बंधांनी पिठाच्या प्रोटीनशी गुंफलेलं असतं. ‘नमुन्यात मिसळून वसुली ९० टक्के’ असा दावा कोणी केला तर मिसळणं भाजण्याच्या आधी की नंतर, हे विचारा.

३१ जुलै

जपानच्या अधिकृत पद्धतीची वाट धरली: एसडीएस (एक डिटर्जंट) प्रोटीन सुटं करतं आणि गंधकाचे बंध तोडायला आधी मरकॅप्टोइथॅनॉल वापरत, पुढे त्याच्या विषारीपणामुळे सोडियम सल्फाइटकडे गेले. आम्ही ०.५ टक्के एसडीएस आणि ०.१ मोलर सल्फाइट घेतलं. १ ग्रॅम चुरा, १९ मिली द्राव, रात्रभर आडवं हलवणं, मग ३,००० जी वर २० मिनिटं.

वाचन: शून्याच्या जवळ. आधीपेक्षाही वाईट.

१ ऑगस्ट

दोन कारणं. पहिलं किरकोळ: नळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, थंडीत एसडीएस बाहेर पडतं. पोटॅशियम असलेल्या बफरमध्येही पांढरा साका येतो, म्हणून ट्रिस-सलाइनमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालायचं नाही.

दुसरं मोठं: आमची मोनोक्लोनल ओव्हल्ब्युमिनचा घडी घातलेला आकारच ओळखते. शुद्ध ओव्हल्ब्युमिन एसडीएस-सल्फाइटमध्ये उकळून पाहिलं, तिला तेही दिसलं नाही. जितकं चांगलं काढू तितकं ती आंधळी.

दुसरी मोनोक्लोनल निवडली ती ‘वेस्टर्न ब्लॉटमध्ये चालते’ एवढ्या एका ओळीवर. वेस्टर्नमध्ये प्रोटीन उलगडलेलंच असतं. पुन्हा ३६,००० रुपये. ही ओळ जूनमध्ये वाचली असती तर पहिले ३८,००० वाचले असते.

१३ ऑगस्ट

नवी मोनोक्लोनल. प्रमाण-द्रावही आता त्याच एसडीएस-सल्फाइटमध्ये १० मिनिटं उकळून, त्याच २० पटींनी पातळ केलेला. नमुना उलगडलेला आणि प्रमाण घडीतलं असेल तर तुलना चुकते. प्लेटवर एसडीएस ०.०२५ टक्के उरतं. प्रमाण-द्राव आणि ब्लँकमध्येही तेवढंच ठेवलं, कारण थोड्या एसडीएसनेही संकेत १५ टक्क्यांनी खाली येतो.

घरच्या केकमधली वसुली ७१ टक्के. तीन वेगळ्या दिवशी: ७१, ६८, ७४.

१९ ऑगस्ट

बाजारचे नमुने, प्रत्येकी दोनदा काढून. मावा केक (अंडं जाहीर केलेलं) ४०० पटींवर प्रमाण-द्रावांच्या वक्राच्या माथ्याला टेकला; ४०,००० पटींवर नेल्यावरच वाचता आला. त्याच प्लेटवर शेजारी एगलेसचे वेल ठेवू नका, पिपेटच्या टोकावरचा एक थेंब पुरतो. मसाला खारी ब्लँकइतकीच. हळदीचा त्रास निळ्या खिडकीत उरला नाही. एगलेस म्हणून विकलेल्या चारपैकी तीन केक ओळखायच्या मर्यादेखाली. चौथ्यात ओव्हल्ब्युमिन १ ग्रॅममागे ३ मायक्रोग्रॅम, दोन्ही वेळा, पातळ केल्यावर सरळ रेषेत उतरणारं. तो अंड्याचे केकही करणाऱ्या बेकरीचा आहे. कळवून पुढच्या घाण्याचा नमुना मागितला आहे.

२२ ऑगस्ट

खर्च: अँटीबॉडी ७४,०००, शेळीच्या दोन अँटीबॉडी २७,०००, प्लेटी ४१ (सुमारे १७,०००), रसायनं ११,०००. त्यातलं चुकांपायी गेलेलं निम्म्याच्या जवळ. वेळ दहा आठवडे, पैकी साडेतीन आठवडे ब्लँकच्या मागे.

पुढची प्लेट: केकच्या वसुलीचा ७१ टक्के नानकटाईला लागू करता येणार नाही. तुपात भाजलेलं पीठ वेगळं वागेल. तिची अंडं घातलेली आणि न घातलेली अशी दोन्ही भट्टीत आहेत.